ख्रिस्ती विश्वासाविषयी बोलायला सुरुवात कशी करावी

ओळखीच्या कुणाशी येशूविषयी बोलावंसं वाटतं, पण पहिलं वाक्य सुचत नाही, ही बहुतेक विश्वासी माणसांची अडचण. त्यासाठी ठरावीक वाक्यं पाठही केली जातात. पण पहिल्या वाक्यावर फारसं काही अवलंबून नसतं. त्या क्षणी समोरच्याला ‘आत्ता नको’ म्हणणं किती सोपं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. नकार देणं अवघड झालं की माणूस नकार देतच नाही. तो मान डोलावतो, हसतो, ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणतो आणि पुढच्या वेळी तुम्हाला लांबून पाहून रस्ता बदलतो. पुढे जे जे सुचवलं आहे, त्याला हीच एक कसोटी लावलेली आहे: यात समोरच्याला मागे फिरायला वाट आहे का?

याचा नमुना योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) ४थ्या अध्यायात आहे. यहूदी लोक शोमरोनी लोकांशी संबंध टाळत. अशा एका विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलू लागतो तो पाणी मागून. म्हणजे गरज त्याची, आणि हो-नाही म्हणण्याचा अधिकार तिचा. तीही लगेच हो म्हणत नाही. यहूदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता, असा उलटा सवाल करते. पुढे बोलणं पाण्यावरून विहिरीवर, विहिरीवरून तिच्या घरावर जातं. उपासना कुठे करावी हा धर्माचा वाद काढते तीच, आणि मशीहाचा, म्हणजे देव पाठवणार असलेल्या तारणाऱ्याचा, विषयही आधी काढते तीच. येशू प्रत्येक वेळी तिच्या बोलण्याला धरून एकच पाऊल पुढे टाकतो. हा अध्याय एकदा सावकाश वाचा आणि कोणता विषय कोणी आधी काढला, याची समासात खूण करा. अर्धा तास लागेल, पण पुढची बरीच तयारी त्यात होऊन जाते.

आधी माणसं, मग शब्द

‘सगळ्यांना सांगायचं आहे’ असं ठरवणारे सहसा कुणालाच सांगत नाहीत. वहीत तीन ते पाच नावं लिहा. रोजच्या येण्याजाण्यातली, ज्यांच्याशी तुमचं दुसऱ्या विषयांवर बोलणं होतं अशी माणसं. प्रत्येक नावाखाली तीन ओळी: सध्या त्यांच्या आयुष्यात काय चाललं आहे, देवाधर्माविषयी त्यांनी स्वतःहून काय म्हटलं आहे, आणि माझ्याविषयी त्यांना काय माहीत आहे. दुसरी ओळ कोरी राहिली तर अजून ऐकण्याचंच काम बाकी आहे. तिसरी कोरी राहिली तर तुम्ही उपासनेला जाता हेही त्यांना ठाऊक नाही. सुरुवात तिथून करायला हवी.

या नावांसाठी रोज प्रार्थना करा. ‘त्यांचं मन उघड’ एवढंच मागून थांबू नका. त्यांच्या आजारी वडिलांसाठी, अडलेल्या कामासाठीही मागा. याचा एक अगदी व्यावहारिक परिणाम होतो. ज्याच्या वडिलांसाठी तुम्ही आठवडाभर प्रार्थना केली, त्याला भेटल्यावर तुम्ही आपोआप आधी वडिलांची चौकशी करता.

कुणाशी बोलायचं यापेक्षा कुणाशी नाही, हे जास्त नेमकं ठरवावं लागतं. जो तुम्हाला नाही म्हणूच शकत नाही, त्याच्याशी हा विषय तुमच्याकडून सुरू होता कामा नये. हाताखालचा कर्मचारी, तुमचा विद्यार्थी, तुमचा रुग्ण, तुमच्याकडून मदत घेणारा, तुमच्या घरात भाड्यानं राहणारा, ही सगळी माणसं यात आली. त्यांनी विचारलं तर थोडक्यात, खरं उत्तर द्या आणि जास्त बोलायचं असेल तर कामाच्या वेळेबाहेर, त्यांच्या इच्छेनं. दुसऱ्याच्या लहान मुलांशी आईवडिलांच्या माहितीशिवाय अजिबात नाही. मदत आणि विश्वासाचं बोलणं एका दमात आणू नका. अन्न, फी, औषधाचे पैसे द्यायचे तर ते असेच द्या. त्याच भेटीत पुस्तिका हातात ठेवली की मदतीची किंमत ठरते, आणि घेणाऱ्याला ती कळते. जिथे कायद्यानं किंवा संस्थेच्या नियमानं अशा बोलण्यावर मर्यादा आहेत, तिथे त्या आधी माहीत करून घ्या.

स्वतःचं दोन मिनिटांत सांगता यायला हवं

कुणी विचारलंच, ‘तू का मानतोस हे सगळं?’ तर बहुतेकांची फजिती होते. एक तर ‘लहानपणापासून तसंच आहे’ असं पुटपुटून विषय संपतो, नाही तर पाऊण तासाचं आत्मचरित्र सुरू होतं. साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट, आधी लिहून काढा: २०० ते २५० शब्द, म्हणजे सावकाश बोललं तर साधारण दोन मिनिटं.

आराखडा प्रेषितांच्या कृत्यांच्या २६व्या अध्यायात मिळतो. राजा अग्रिप्पासमोर प्रेषित पौल तीन टप्प्यांत बोलतो: आधी तो कसा होता (ओवी ४ ते ११), मग काय घडलं (१२ ते १८), आणि त्यानंतर काय बदललं (१९ ते २३). तुमच्या दोन मिनिटांत पहिल्या भागाला अर्ध्या मिनिटाहून जास्त देऊ नका. साक्ष इथेच सगळ्यात जास्त बिघडते. पूर्वीच्या पापांचं वर्णन रंगत जातं आणि येशूच्या वाट्याला शेवटचं एक घाईचं वाक्य येतं. तिसऱ्या भागात ‘आता मला शांती आहे’ हे पुरेसं नाही. शांती दिसेल अशी एक गोष्ट सांगा. भावाशी तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू केलं, खोटी बिलं लावणं सोडलं, रात्रीची धास्ती कमी झाली, जे खरं असेल ते. आणि जे अजून सुटलेलं नाही तेही एका वाक्यात सांगा. सगळं छान झालं असं सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नयेच.

ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना हा आराखडा बसत नाही. त्यांच्याकडे ‘आधी’ नसतो. त्यांनी नाट्य उसनं आणण्याची गरज नाही. गेल्या वर्षभरातला एक निर्णय निवडावा आणि येशूला मानत नसतो तर तो कसा वेगळा घेतला असता, ते सांगावं. ऐकणाऱ्याला हे जास्त जवळचं वाटतं, कारण निर्णय त्यालाही घ्यावे लागतात.

लिहिलेलं मोठ्यानं वाचा आणि मंडळीबाहेरच्या (चर्चबाहेरच्या) माणसाला कळणार नाहीत ते शब्द अधोरेखित करा. तारण, कृपा, पश्चात्ताप, नवा जन्म, रक्तानं धुतले जाणं, ‘प्रभूनं माझ्या मनात घातलं’, ‘मला ओझं आलं’ अशा बोलण्याची उपासनेत इतकी सवय होते की ते कानाला खटकतही नाही. त्याजागी साधं बोला. न कमावता मिळालेली क्षमा. चुकीच्या वाटेवरून वळून परत येणं. प्रार्थना करताना मला असं वाटलं. मग ते कागदाशिवाय एका मित्राला सांगून पाहा आणि त्याला जे समजलं ते त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. तो जिथे अडखळेल तिथे दुरुस्ती करा.

वेळ आणि जागा

दोघंच असताना बोला. चारचौघांत विषय निघाला की माणूस उरलेल्यांसाठी भूमिका घेतो आणि एकदा घेतली की ती सोडणं त्याला जड जातं. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना, प्रवासात, हातानं काही काम करताना बोलणं सोपं जातं. नजर चुकवायची तर चुकवता येते, गप्प राहता येतं. पण ज्या गाडीतून तो मध्येच उतरू शकत नाही, अशा लांबच्या प्रवासात पहिल्याच अर्ध्या तासात विषय काढू नका. पहिलं बोलणं १५-२० मिनिटांत संपलेलं बरं. अजून थोडं बोलायला हवं होतं असं दोघांनाही वाटत असताना थांबलात तर पुढची भेट जवळजवळ ठरल्यातच जमा.

नीकदेम नावाचा यहूदी पुढारी येशूकडे रात्री आला. का, ते योहान सांगत नाही, पण येशूनं त्याला दिवसा, सगळ्यांसमोर यायला सांगितलं नाही. कुणी हळू आवाजात, एकांत गाठून विचारत असेल तर उत्तरही त्याच आवाजात द्या, आणि नंतर ते मंडळीत प्रार्थनेचा विषय म्हणून नावासकट सांगू नका.

विषय निघतो कसा

तीन वाटा आहेत. पहिली सगळ्यात चांगली: समोरचा जे बोलला त्यातलाच शब्द उचलणं. तो म्हणतो, ‘एवढं करून शेवटी काय मिळतं, कळत नाही.’ इथे लगेच वचन सांगू नका. विचारा, ‘काय मिळायला हवं होतं असं वाटतं?’ ती म्हणते, ‘आईचं ऑपरेशन आहे, डोकं चालत नाही.’ तेव्हा विचारा, ‘अशा वेळी तू कशाला धरून राहतेस?’ या प्रश्नाला ‘नवऱ्याला’, ‘देवाला’, ‘कशालाच नाही’ अशी तिन्ही उत्तरं चालतात, आणि तिन्हींतून बोलणं पुढे जातं.

दुसरी वाट म्हणजे स्वतःचं आयुष्य न लपवणं. रविवारी काय केलं असं विचारल्यावर ‘काही नाही, घरीच’ म्हणायची सवय असते. त्याऐवजी, ‘सकाळी उपासनेला गेलो होतो, क्षमेवर प्रवचन होतं, अजून डोक्यात घोळतंय.’ एवढंच, आणि गप्प. त्याला रस असेल तर तो विचारेल. नसेल तर बोलणं दुसरीकडे जाईल आणि कुणालाही अवघडल्यासारखं होणार नाही. या वाटेनं चार वेळा काहीच घडत नाही आणि पाचव्या वेळी प्रश्न येतो.

तिसरी वाट थेट विचारण्याची. ओळख पक्की असेल तर ती सरळ आणि प्रामाणिक आहे. ‘आपण इतकं बोलतो, पण देवाविषयी तुला काय वाटतं हे मी कधी विचारलंच नाही. विचारू का?’ किंवा, ‘येशूविषयी तू काय ऐकलं आहेस?’ या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं फार उपयोगाची असतात. कुणाला तो एक थोर गुरू वाटतो, कुणाला परक्यांचा देव, कुणाला शाळेतल्या नाताळातलं बाळ. कुठून सुरुवात करायची ते कळतं.

थेट विचारणं आणि कोंडीत पकडणं यांत फरक आहे. ‘आज रात्री तुला मरण आलं तर कुठे जाशील?’ हा प्रश्न अजूनही शिकवला जातो. त्यात भीती आहे, आणि विचारणाऱ्याला हवं असलेलं एकच उत्तर आहे. ‘तुला सत्य जाणून घ्यायचं नाही का?’ हाही तसलाच. याला नाही म्हणणारा मूर्ख ठरतो. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, तो विचारू नका.

मग येतं परवानगीचं वाक्य. पाठ कराव्यात अशा थोड्या गोष्टींपैकी ते एक आहे: ‘यावर मी काय मानतो ते सांगू का? आत्ता नको असेल तर राहू दे, काही बिघडत नाही.’ म्हटल्यावर थांबा. मनात पाच आकडे मोजा. ही शांतता भरून काढायचा मोह अनावर होतो आणि परवानगी मिळायच्या आतच बोलणं सुरू होतं. ‘हो’ आलं तरी ते कसलं हो आहे ते पाहा. त्यानं उलट काही विचारलं, खुर्ची वळवली, हातातलं बाजूला ठेवलं, तर खरं. ‘हं, हं, खरंय’ अशी सलग दोन-तीन उत्तरं आली, नजर फोनकडे गेली, तर तो आदरापोटी ऐकतो आहे. विषय तुम्हीच बदला. त्यानं बदलण्याची वाट पाहू नका.

ऐकणं हेच जास्त काम

पहिल्या भेटीत तुम्ही एक भाग बोला आणि दोन भाग ऐका. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा, असं नीतिसूत्रांच्या १८व्या अध्यायात स्पष्ट म्हटलं आहे, आणि धर्माच्या बोलण्यात तो सर्रास होतो. समोरचा श्वास घेतो तेवढ्यात आपण वचन काढतो.

एक सोपा नियम पाळा. आपलं मत मांडण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगा आणि विचारा, ‘बरोबर समजलं का मला?’ तो ‘नाही, तसं नाही’ म्हणाला तर तुमचं सांगणं अजून लांब आहे. तो ‘अगदी बरोबर’ म्हणाला की मग पुढे. यात दोनदा तरी असं निघतं की आपण ज्याचं उत्तर द्यायला निघालो होतो, तो त्याचा प्रश्नच नव्हता. प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा अनुयायी फिलिप्प वाळवंटाच्या वाटेवर रथातल्या हबशी अधिकाऱ्याला आधी एवढंच विचारतो: वाचता आहात ते समजतं का? आणि मग ज्या उताऱ्यावर तो अडला होता, त्याच उताऱ्यापासून सुरुवात करतो.

दुसऱ्याच्या धर्माविषयी ऐकताना त्यातले दोष मनात टिपत बसू नका. अथेन्समध्ये पौलाला मूर्ती पाहून मनस्ताप झाला होता, पण अरीयपगावर, तिथल्या सभेत, उभा राहिल्यावर त्यानं सुरुवात केली ती त्यांच्याच ‘अज्ञात देवाला’ अर्पिलेल्या वेदीपासून, आणि त्यांच्याच कवींच्या ओळी घेतल्या. कुणाच्या देवाची, सणाची, आईच्या उपासाची टिंगल करून येशू मोठा होत नाही.

येशूविषयी सांगायचं ते किती

विचारलं तर सांगायचा गाभा छोटा आहे. पौलानं तो करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात चार-पाच ओळींत दिला आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठवला गेला, आणि तो अनेकांना दिसला. याच्या आगेमागे दोन गोष्टी लागतात. देवानं आपल्याला घडवलं आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवली, ही आधीची. आणि जो त्याच्याकडे वळतो त्याला तो क्षमा करतो, स्वीकारतो, ही नंतरची. तीन मिनिटांत हे होतं. देवदूत, शेवटचा काळ, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणं), मंडळ्यांमधले मतभेद, यांतलं काहीही पहिल्या बोलण्यात नको.

पण आराखड्यापेक्षा शुभवर्तमानातली एक गोष्ट सांगणं जवळजवळ नेहमी बरं. ती ऐकणाऱ्याच्या परिस्थितीवरून निवडा. घरापासून तुटलेल्याला लूक १५मधला उधळ्या मुलगा, आणि विसरू नका, त्याच गोष्टीतला बाहेर रुसून उभा असलेला थोरला भाऊ. अपराधाचं ओझं असलेल्याला मार्क २मधला छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती. भीतीनं झोप उडालेल्याला मार्क ४मधलं वादळ. शोकात असलेल्याला योहान ११. गोष्ट तुमच्या शब्दांत, दोन-तीन मिनिटांत सांगा आणि शेवटी अर्थ सांगू नका. विचारा: ‘यातल्या कुणाच्या जागी तू स्वतःला पाहतोस?’

एका गोष्टीत कसूर नको. जे वचन देवानं दिलेलं नाही ते त्याच्या नावानं देऊ नका. ‘विश्वास ठेव, नोकरी लागेल’, ‘आजार जाईल’, ‘कर्ज फिटेल’. प्रार्थनेनंतर बरं वाटल्याचं कुणी सांगितलं असेल, आनंद आहे. पण ती अट म्हणून पुढे ठेवली की आजार न गेलेला माणूस एक तर देवाला खोटं मानतो, नाही तर स्वतःच्या विश्वासाला दोष देत बसतो. औषध बंद करायला कधीही सांगू नका. येशूमागे जाण्याची किंमतही सांगा. त्यानं स्वतः ती लपवली नाही.

अवघड प्रश्न आले की

‘माहीत नाही, वाचून सांगतो’ हे उत्तर तयार ठेवा आणि आठवड्याच्या आत खरोखर सांगा. थापा मारलेल्या कळतात.

‘देव आहे तर माझ्या बहिणीचं असं का झालं?’ यावर आधी हेच ओळखा की प्रश्न डोक्यातून येतोय की जखमेतून. कळत नसेल तर विचारा, ‘कधी झालं हे?’ जखम असेल तर युक्तिवाद बंद. ‘देवाची काही योजना असेल’ हे वाक्य तर मुळीच नको. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसून राहिले. तोवर ते बरोबर होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. मरण पावलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, उठवायला निघालेला येशूही त्याच्या कबरेकडे जाताना रडला. एवढं सांगता आलं तर पुरे. डोक्यातला प्रश्न असेल तर सरळ कबूल करा की बायबल दुःखाचं संपूर्ण कारण देत नाही. देव दुःखापासून लांब राहिला नाही, वधस्तंभावर तो त्यात उतरला, असं ते सांगतं.

‘म्हणजे माझी आजी नरकात गेली असं म्हणायचंय तुला?’ इथे दोन्ही बाजूंनी घसरायला होतं. कुणी फट्‌कन ‘हो’ म्हणतं, कुणी घाबरून ‘सगळे मार्ग सारखेच’ म्हणून मोकळं होतं. तुमच्या आजीचा न्याय करण्याच्या जागी मी नाही, आणि तो करणारा देव माझ्याहून न्यायी आणि दयाळू आहे, हे म्हणा. त्याचबरोबर, मीच मार्ग आहे असं येशूनं स्वतःविषयी म्हटलं आहे आणि मी ते मानतो, हेही लपवू नका. नंतर कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटेल.

चर्चनं केलेल्या अत्याचारांचा, पैशाच्या घोटाळ्यांचा, पाळकाच्या वागण्याचा विषय निघाला तर ‘पण’ न लावता कबूल करा. ‘झालं ते वाईट झालं.’ पूर्णविराम. कुणाला स्वतःला मंडळीत इजा झाली असेल तर त्याला आपल्या मंडळीत बोलावण्याची घाई नको. आधी पूर्ण ऐकून घ्या, आणि प्रकार गुन्ह्याचा असेल तर तक्रार करण्यात त्याच्या बाजूनं उभे राहा.

‘बायबल बदललेलं आहे’ यावर थोडी माहिती हाताशी असू द्या. नव्या कराराच्या ५,००० हून अधिक ग्रीक हस्तलिखित प्रती आणि तुकडे आज उपलब्ध आहेत. त्यांच्यात फरक आहेत. बहुसंख्य शुद्धलेखनाचे आणि शब्दांच्या क्रमाचे. मोठे म्हणावेत असे फरक दोन उताऱ्यांचे, मार्क १६:९–२० आणि योहान ७:५३ ते ८:११; अनेक छापील बायबलांत त्याची टीप असते. येशूला रोमन सुभेदार पिलातानं मृत्युदंड दिला हे रोमन इतिहासकार टॅसिटसनंही दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं आहे. मात्र हा पुरावा जेवढा आहे तेवढाच वापरा. तो मृत्युदंडाचा आहे, पुनरुत्थानाचा नाही. पुनरुत्थानासाठी करिंथकरांस पहिलं पत्र दाखवा. वधस्तंभानंतर साधारण २०-२५ वर्षांत लिहिलेल्या त्या पत्रात पौल साक्षीदारांची यादी देतो आणि त्यांतल्या पाचशेहून अधिक जणांपैकी बहुतेक अजून हयात आहेत असं म्हणतो.

विज्ञानाचा प्रश्न आला तर आधी नेमका कोणता ते विचारा. अर्ध्या वेळा त्याचा राग विज्ञानाशी संबंध नसलेल्या एखाद्या उर्मट ख्रिस्ती माणसावर असतो.

वाद चढू लागला, आवाज वाढला, की थांबा. रोमन सुभेदार फेस्त पौलाला भर सभेत वेडा म्हणाला. पौलानं त्याला मानानंच उत्तर दिलं आणि बोलणं पुढे नेलं. तुम्हाला ते जमणार नसेल तर ‘हे आपण नंतर बोलू’ म्हणून मोकळे व्हा.

प्रार्थना करू का, असं विचारणं

दुसऱ्या धर्माची माणसंही याला बऱ्याचदा आनंदानं हो म्हणतात, म्हणून तर जास्त जपायला हवं. आधी विचारा: ‘आत्ता इथे करू, की घरी जाऊन तुझ्यासाठी करू?’ दुसरा पर्याय दिल्यामुळे नकार सोपा होतो. इथेच म्हणाला तर नेमकं कशासाठी ते विचारा, आणि त्याच एका गोष्टीसाठी, एका मिनिटात, नेहमीच्या आवाजात. डोक्यावर हात ठेवू नका, डोळे मिटायला सांगू नका. प्रार्थनेच्या आडून प्रवचन देऊ नका. ‘हे प्रभू, याला याच्या पापांची जाणीव करून दे’ हे देवाशी बोलणं नाही, समोरच्याला मारलेला टोमणा आहे. दोन-चार दिवसांनी त्या गोष्टीचं काय झालं ते आठवणीनं विचारा.

पुढची पायरी: एकत्र वाचन

दोन-तीनदा मनापासून बोलणं झालं आणि त्याला रस दिसला, तर भाषण लांबवण्यापेक्षा वाचायला बोलवा. ‘येशूविषयी मी सांगण्यापेक्षा आपण मूळ वाचू या का? चार भेटी करू, मग पुढचं ठरवू.’ भेटींची संख्या आधी सांगणं महत्त्वाचं, म्हणजे त्याला शेवट दिसतो.

मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय, चौघांत सगळ्यात लहान. प्रत्येक भेटीला दोन अध्याय, वेळ ४० मिनिटं. चार भेटींत ८व्या अध्यायाच्या शेवटी पोहोचता, आणि तिथेच येशू शिष्यांना विचारतो, तुम्ही मला कोण म्हणता? थांबून पुढचं ठरवायला याहून चांगली जागा नाही. पुढे जायचं ठरलं तर आणखी चार भेटी.

सोप्या भाषेतल्या भाषांतराच्या दोन सारख्या प्रती घ्या. तुमची खुणा केलेली, जाडजूड प्रत नको. आळीपाळीनं मोठ्यानं वाचा. मग तीनच प्रश्न: यात येशू काय करतो आणि काय म्हणतो? तुला काय खटकलं किंवा आवडलं? हे खरं असेल तर काय बदलेल? खटकलेल्याचं समर्थन करायला धावू नका. अंजिराच्या झाडाला शाप, डुकरांचा कळप यांवर प्रश्न येणारच. तुम्हीही आधी विचार करून ठेवा. संदर्भासाठी बायबलभर उड्या मारू नका, नवख्याचा गोंधळ उडतो आणि तुम्ही शिक्षक होऊन बसता.

फोनवर

वचनांची चित्रं रोज पुढे ढकलणं हा संवाद नाही. लोक तुमचे संदेश न उघडता पुसायला शिकतात. एकाच माणसाला, त्याच्या एका गोष्टीवर, चार ओळींचा संदेश लिहा. मतभेद लिहून सोडवू नका, फोन करा किंवा भेटा. गटात तर विषय काढूच नका. आणि त्यानं पाठवलेलं खासगी काही इतरांना दाखवू नका, ‘प्रार्थनेसाठी’ म्हणूनसुद्धा.

नाही म्हटल्यावर

अथेन्समध्ये पौलाला तीन प्रतिसाद मिळाले: काहींनी टिंगल केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, काहींनी विश्वास ठेवला. याहून वेगळा प्रतिसाद तुम्हाला मिळणार नाही. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्यामागे धावला नाही, सगळं विकून गरिबांना देण्याची अटही कमी केली नाही; आणि मार्क सांगतो की त्याच्यावर त्यानं प्रीती केली होती.

स्पष्ट नकार आला तर, ‘बरं झालं सरळ सांगितलंस’ म्हणा आणि विषय तिथेच सोडा. तो पुन्हा काढायचा तर त्यानंच. आठवड्याभरात त्याला दुसऱ्याच कारणानं भेटा किंवा फोन करा: क्रिकेट, मुलांच्या परीक्षा, काहीही. हे टाळलंत तर त्याला कळतं की मैत्री कशासाठी होती. ‘पुन्हा बोलू’ म्हणणाऱ्याला लगेच दुसऱ्या दिवशी गाठू नका. दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि त्याच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करा. तो वहीत लिहून ठेवलेला असला पाहिजे.

आणि कुणी ‘मला येशूमागे जायचं आहे’ असं म्हणालं, तर त्याच क्षणी डोळे मिटवून प्रार्थना वदवून घेण्याआधी विचारा, ‘याचा अर्थ तुला काय वाटतो, तुझ्या शब्दांत सांग.’ घरच्यांना काय सांगणार, त्यांच्याशी कसं वागणार, हेही बोला. आईवडिलांचा मान सोडायला ख्रिस्ती विश्वास सांगत नाही. प्रार्थना करायची तर त्याला त्याच्याच शब्दांत करू द्या, तुटक असली तरी. बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी त्याची पाळकांशी आणि मंडळीतल्या दोन-तीन समंजस माणसांशी गाठ घालून द्या, म्हणजे त्याचं सगळं तुमच्या एकट्यावर टेकलेलं राहणार नाही. शिकवण किती महिने चालेल ते प्रत्येक मंडळीत वेगळं असतं. तोपर्यंत मार्कचे उरलेले अध्याय वाचून संपवा.